गोव्यातील मुलीला मिडफिल्डर म्हणून व्यावसायिक फुटबॉलमध्ये भवितव्य आहे का?

साखळी शहरातील एका पालकांनी विचारले आहे की, त्यांची दहावीतील मुलगी शाळेच्या संघात मिडफिल्डर म्हणून, म्हणजे मधल्या फळीत, खेळते आणि तिला यातच करिअर करायचे आहे. तर गोव्यात राहून ते शक्य आहे का, पैसे किती मिळतात आणि किती वर्षे खेळता येते? पुढे त्यांनी एक ओळ जोडली आहे: "गोल मारणाऱ्या मुलीच पुढे जातात असे सगळे सांगतात, मग तिला आघाडीला खेळायला सांगू का?" ही शेवटची ओळ नसती तर मी उत्तर लिहायला बसले नसते.

आधी पैशांचे सांगून टाकते. गोव्यात राहून केवळ फुटबॉलवर पोट भरणे आज मुलीला शक्य नाही. पणजी फुटबॉलर्स, सिरवोडे, चर्चिल ब्रदर्स हे आपले संघ पूर्वी इंडियन विमेन्स लीग या देशातील महिलांच्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेत खेळून आले; परंतु २०२३-२४ च्या हंगामात ही लीग घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर खेळवली जाऊ लागली तेव्हा त्यातील सात संघांत गोव्याचा एकही नव्हता. त्याच हंगामापासून प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत असा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा दंडक आहे. हंगाम तीन-चार महिन्यांचा असतो आणि त्यासाठी बहुतेक वेळा कोझिकोड, भुवनेश्वर, कोलकाता किंवा बंगळूर गाठावे लागते. म्हणूनच आपल्याकडच्या बहुतेक चांगल्या खेळाडू खेळाच्या जोरावर मिळालेली नोकरी सोडत नाहीत. बेंबेम देवी मणिपूर पोलिसांत होत्या, इंदुमती कथिरेसन तामिळनाडू पोलिसांत उपनिरीक्षक आहे आणि संगीता बासफोर सशस्त्र सीमा बलाकडून खेळत आली आहे. या तिघीही मिडफिल्डर आहेत, हे मुद्दाम नमूद करते.

आता आघाडीला खेळवण्याविषयी. मी अंत्रुज महालातली, म्हणजे फोंड्याकडची. आमच्या बाजूला मुलगी नाटकात उभी राहिली तर कौतुक होई, पण मैदानावर उतरली तर कपाळाला आठ्या पडत. अपवाद होता माझ्या काकांचा. त्यांनी फातोर्ड्याच्या स्टेडियमवरचा एकही मोठा सामना कधी चुकवला नाही. मला पहिले बूट त्यांनीच घेऊन दिले आणि राज्य संघाच्या निवड चाचणीला स्कूटरवर मागे बसवून, बोरीच्या पुलावरून सासष्टीत नेले तेही त्यांनीच. त्या चाचणीवरून आमचा जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

निवड चाचणी कशी असते ते आपण कधी पाहिले नसेल, तर मुलीला पाठवण्याआधी एकदा पाहून या. रांगेत उभ्या असलेल्या मुलींना क्रमांकाची बनियने देऊन दोन संघ पाडतात. कोणी कोणाला ओळखत नसते आणि वीस-पंचवीस मिनिटांत प्रत्येकीचा निकाल लागायचा असतो. अशा वेळी चेंडू मिळालेली मुलगी तो दुसरीला कशाला देईल? ती दोघींना चकवते, तिसरीपाशी गमावते, आणि तरीही निवड समितीच्या नजरेत भरते. मी बचावफळीच्या पुढे उभी होते. चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे पाहायचे, प्रतिस्पर्धी कुठे आहे ते हेरायचे, मोकळ्या जागेत सरकून पास मागायचा आणि आला की एका स्पर्शात पुढे सोडायचा, हे माझे काम मी चोख करत होते. मला चेंडू क्वचितच मिळाला. त्यातला एक मी उजव्या बगलेवर सोडला. त्या मुलीने धाव घेऊन तो गोलखांबाच्या बाहेर मारला आणि खुर्चीत बसलेल्या गृहस्थांनी वहीत तिचा क्रमांक टिपून घेतला. समोरच्या संघातली सर्वांत चपळ मुलगी पूर्ण वेळ मोकळेपणाने वळू शकली नाही, कारण तिच्याकडे येणाऱ्या पासच्या वाटेत मी होते. ही गोष्ट लिहायला त्या वहीत रकानाच नव्हता. काकांनी ती वही जवळून पाहिली होती: क्रमांक, जागा, गोल आणि शेरा.

परतताना काका म्हणाले, "तुला बॉलच लागला नाही गो. ते लिहिणार काय?"

पुढच्या वर्षी काकांच्या आग्रहावरून मी आघाडीला उभी राहिले. गोलरक्षकाच्या हातून सुटलेला चेंडू माझ्या पायाशी आला, गोल झाला आणि माझी निवड झाली. गंमत पुढेच आहे. संघाच्या सरावाच्या पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षकांनी मला आघाडीवरून काढून मधल्या फळीत आणले आणि मी राज्याकडून जितके सामने खेळले ते सगळे तिथेच खेळले. मी म्हणते, यावरून माझी खरी जागा कोणती ते सिद्ध झाले. काका म्हणतात, गोल मारला नसतास तर प्रशिक्षकांनी तुझे तोंडही पाहिले नसते. त्यांच्या तोंडी कायम आपल्या योलांडा डिसोझा यांचे नाव असते, कारण त्या भारताकडून आघाडीला खेळत. ५ जुलै २०२५ रोजी चियांग माई येथे भारताने थायलंडला २-१ असे हरवून आशियाई चषकासाठी पात्रता मिळवली आणि ते दोन्ही गोल संगीता बासफोरचे होते, तेव्हा मला वाटले की आता तरी काका गप्प बसतील. त्यांचा फोन आला तो असा: "बघ, मिडफिल्डरनेसुद्धा गोल मारला तेव्हाच पेपरात फोटो आला." त्याआधी कित्येक वर्षे ती भारताच्या मधल्या फळीत राबत होती, तेव्हा हे काका तिचे नावही घेत नव्हते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, ज्या मुलीला मैदान वाचता येते तिला केवळ निवड समितीच्या सोयीसाठी पुढे ढकलू नये. आघाडीची खेळाडू वेगावर जगते आणि वेग आधी उतरतो. मधल्या फळीतील समज मात्र वयाबरोबर वाढत जाते. ब्राझीलची फोर्मिगा १९९५ ते २०१९ असे सात विश्वचषक खेळली आणि शेवटच्या वेळी ती ४१ वर्षांची होती. बेंबेम देवी १९९५ पासून २०१६ पर्यंत भारताकडून खेळल्या आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. किती वर्षे खेळता येते, या आपल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. अर्थात गुडघे शाबूत राहिले तर.

गुडघ्याविषयी मात्र थट्टा नको. पुढचा अस्थिबंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा किमान दुप्पट असतो. सतत वळणाऱ्या आणि अचानक थांबणाऱ्या मिडफिल्डरला तो चांगलाच भोवतो. स्पेनची अलेक्सिया पुतेलास जगातील सर्वोत्तम खेळाडू असताना, जुलै २०२२ मध्ये, युरो स्पर्धेच्या तोंडावर याच दुखापतीने बाहेर गेली आणि तिला परतायला पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडला. तिच्यामागे बार्सिलोनाचे वैद्यकीय पथक होते. आपल्या मुलीमागे आपण आहात. 'फिफा ११ प्लस' नावाचा वीस मिनिटांचा सराव आहे. त्यात एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणे, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम असे प्रकार असतात. तो शाळेचे प्रशिक्षक घेतात का, एवढे विचारा. मी स्वतः शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींनी तो टाळला तर त्यांना चेंडू देत नाही.

दुसरे म्हणजे, तिचे पूर्ण सामने मोबाइलवर चित्रित करून ठेवा. केवळ तिच्या पायाशी चेंडू असतानाचे तुकडे जोडू नका. चेंडू दुसरीकडे असताना ती कुठे सरकते हे दिसेल असा, उंचावरून घेतलेला सलग सामना हवा. जाणता प्रशिक्षक त्यातली दहा मिनिटे पाहून जे ओळखेल, ते वहीवाल्यांना दोन चाचण्यांत दिसणार नाही.

हे सांगायला हवे की मी राज्य संघापलीकडे खेळले नाही आणि लीग सुरू होण्याआधीच माझे खेळणे थांबले होते, त्यामुळे क्लबचा करार हाती आला तर तो एखाद्या वकिलाला दाखवूनच सही करा. बारावी आणि पदवी सोडू देऊ नका, कारण नोकरीसाठी खेळाडूंच्या राखीव जागेवर अर्ज करताना शिक्षणाची अटही असते. तिला स्वतःलाच गोल मारण्याची ओढ असेल तर गोष्ट वेगळी, मग खुशाल आघाडीला खेळू दे. परंतु प्रशिक्षक तिला पुढे उभे करू लागले, तर त्यांना कारण विचारा. तिचा वेग किंवा फटका हे कारण असेल तर ऐकून घ्या. "इथे कोणाच्या नजरेत भरत नाही" असे उत्तर आले, तर प्रशिक्षक बदला, जागा बदलू नका.