बारा वर्षांचा कोड आणि नवी भाषा

प्रश्न : आमची सहा जणांची टीम पतसंस्थांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करते. बारा वर्षांचा सगळा कोड जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत आहे. मी वर्षभर घरी कॉटलिन ही नवी भाषा शिकत असून, तिच्यात कमी ओळींत अधिक सुरक्षित काम होते असा माझा अनुभव आहे. वरिष्ठांकडे दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा ‘सुरळीत चालले आहे, त्यात हात कशाला घालायचा?’ असे उत्तर मिळाले. चांगली भाषा स्वीकारायला लोक इतके का कचरतात? मी काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या वरिष्ठांचा नकार मला हेकेखोरपणा वाटत नाही. आपण त्यांच्यापुढे भाषेचे गुण मांडले असतील. त्यांच्या डोळ्यांसमोर मात्र ग्राहकांकडे रोज चालणारा बारा वर्षांचा कोड उभा राहिला असणार. नव्या भाषेचे भवितव्य बहुधा याच ठिकाणी ठरते, आणि त्याचे कॉटलिनइतके बोलके उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

जेटब्रेन्स कंपनीने २०११ मध्ये ही भाषा जाहीर केली, तेव्हा त्यांचा स्वतःचाच प्रचंड कोड जावामध्ये होता आणि तो टाकून देणे शक्य नव्हते. म्हणून जावाचा क्लास (कोडचा एक घटक) कॉटलिनमधून आणि कॉटलिनचा क्लास जावामधून थेट वापरता आला पाहिजे, ही अट त्यांनी सुरुवातीपासून पाळली. स्काला ही भाषा २००४ पासून उपलब्ध होती आणि गुणांनी ती उणी नव्हती, परंतु तिचे कंपायलेशन, म्हणजे लिहिलेल्या कोडचे यंत्राला चालवता येईल अशा रूपात रूपांतर, संथ होते. जेटब्रेन्सने नेमकी तीच अडचण पुढे करून आपली भाषा जावाइतक्याच वेगाने कंपाइल व्हावी असे उद्दिष्ट ठेवले.

तरीही कॉटलिनची १.० आवृत्ती यायला फेब्रुवारी २०१६ उजाडला, आणि नंतर तिला जी गती आली तिचे श्रेय मी भाषेच्या गुणांइतकेच अँड्रॉइडच्या अडचणीला देतो. जावा ८ मार्च २०१४ मध्ये आली, पण लोकांच्या हातांत जुनेच फोन असल्यामुळे अँड्रॉइडसाठी लिहिणाऱ्यांना तिच्या नव्या सोयी पुढे कित्येक वर्षे पुरत्या वापरता येत नव्हत्या. कॉटलिनचा कोड जावा ६ च्या बाइटकोडमध्ये, म्हणजे कंपाइल झाल्यानंतरच्या रूपात, उतरत असल्याने तो त्या जुन्या फोनवरही चालत होता. मे २०१७ मध्ये गूगलने तिला अँड्रॉइडसाठी अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ मध्ये प्राधान्य दिले. शिवाय अँड्रॉइडचे अ‍ॅप लिहिण्याचा अँड्रॉइड स्टुडिओ हा जेटब्रेन्सच्याच इंटेलिजे या कोड लिहिण्याच्या एडिटरवर उभा असल्यामुळे साधने तयारच होती : जावाचा एखादा तुकडा कॉटलिनच्या फाइलमध्ये चिकटवला, की त्याचे रूपांतर करू का, असे एडिटर विचारतो. नवख्या माणसाची धास्ती अशा सोयीने जितकी कमी होते, तितकी ती कोणत्याही व्याख्यानाने होत नाही.

आपण सुरक्षिततेचा उल्लेख केला आहे, तो रास्त आहे. खातेदाराच्या नॉमिनीचे नाव कॉटलिनमध्ये नुसते ‘स्ट्रिंग’ (मजकुराचा प्रकार) म्हणून लिहिले, तर तिथे नल, म्हणजे ‘मूल्यच नाही’ अशी स्थिती, ठेवता येत नाही. ते रिकामे राहू शकत असेल तर प्रकारापुढे प्रश्नचिन्ह लावावे लागते, आणि मग नल तपासल्याशिवाय त्या नावाची लांबी मोजायलाही कंपायलर परवानगी देत नाही. मात्र तेच नाव जावाच्या एखाद्या जुन्या मेथडकडून (काम करून उत्तर देणाऱ्या कोडच्या तुकड्याकडून) येत असेल आणि नलविषयीची खूण तिथे केलेली नसेल, तर कंपायलर हा आग्रह सोडून देतो आणि चूक प्रोग्राम चालू असतानाच उघडी पडते. आपला बहुतांश कोड पुढेही जावामध्येच राहणार असल्याने ही मर्यादा आपणच आधी वरिष्ठांना सांगावी.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. आपले काम सर्व्हरवरचे असेल, तर अँड्रॉइडसारखी निकड आपल्याकडे नाही. जावा स्वतःही पुढे सरकली आहे : रेकॉर्ड (माहिती साठवणारे, थोडक्यात लिहिता येणारे क्लास) २०२१ मध्ये जावा १६ सोबत पक्के झाले, तर व्हर्च्युअल थ्रेड (एकाच वेळी असंख्य कामे चालवण्याची हलकी सोय) २०२३ मध्ये जावा २१ सोबत आले. त्यामुळे आधी जावाचीच आवृत्ती वाढवू, असे वरिष्ठ म्हणाले तर ते चूक ठरणार नाही.

मी पूर्वी जिथे नोकरी करत होतो, तिथे एका हुशार सहकाऱ्याने अहवालांचा संपूर्ण विभाग एकट्याने स्कालामध्ये लिहिला होता. तो नोकरी सोडून गेल्यावर त्या फाइलींना हात लावायला कोणी धजेना, आणि अखेर आम्ही तो विभाग पुन्हा जावामध्ये लिहिला. कोडमध्ये दोष नव्हता. तो वाचू शकणारा दुसरा माणूस आमच्याकडे नव्हता.

म्हणून तिसऱ्यांदा विषय काढण्याआधी सहांपैकी निदान एका सहकाऱ्याला सोबत घ्या, आणि मागणी फक्त युनिट टेस्ट (कोडचे छोटे भाग तपासणाऱ्या चाचण्या) कॉटलिनमध्ये लिहिण्यापुरती ठेवा. त्या त्याच प्रोजेक्टमध्ये राहतात, पण पतसंस्थांकडे जाणाऱ्या प्रोग्राममध्ये जात नाहीत, त्यामुळे प्रयोग फसला तरी ग्राहकाकडे काहीच बदलत नाही. पूर्ण बिल्डला, म्हणजे सगळा कोड कंपाइल करून प्रोग्राम तयार करायला, आज किती वेळ लागतो तो नोंदवून ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. दोन भाषांमुळे तो वाढण्याची शक्यता आहे, आणि वरिष्ठ तो आकडा विचारतीलच.