भिंत दिसते, हद्द दिसत नाही

प्रश्न : मुलगी नाशिकला सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बीआयएम मॉडेलवरून, म्हणजे इमारतीच्या संगणकावरच्या माहिती भरलेल्या त्रिमितीय मॉडेलवरून, फ्लॅटच्या मालकीच्या हद्दी नोंदवायच्या, या विषयात तिला एमएस करायचंय. म्हणते, मॉडेल झालं की मालकी आपोआप दिसेल. मला हे ड्राफ्ट्समनचं काम वाटतं. मुलीच्या जातीला साईट नको, म्हणून एमपीएससी कर म्हटलं, तर अबोला धरलाय.

उत्तर : पत्रात तिचे मार्क कुठेच नाहीत, ‘मुलीच्या जातीला’ मात्र आलंय. साईट नको होती, तर सिव्हिलची फी तीन वर्षं कशी भरलीत? एमपीएससी, गेट, भूकरमापकाची भरती या वाटा तिला ठाऊक असणारच; आणि भूकरमापकालाही मोजणीला उन्हातच उभं राहावं लागतं. वडिलांचं मन राखायला अभ्यासिकेत वर्षं काढणाऱ्या मुली मी पाहतो. तिला त्यात ढकलू नका.

पुढचं तिला वाचायला द्या.

अगं, मॉडेलमध्ये भिंत दिसते. तुमच्या नि शेजारच्या फ्लॅटमधल्या भिंतीत हद्द अलीकडच्या प्लास्टरवर, मध्यावर की पलीकडे, हे कायदा आणि दस्त ठरवतात. मॉडेलमध्ये ते कुणीतरी भरावं लागतं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात इमारतीच्या विभाजन-नकाशावर हद्द भिंतीच्या आतल्या बाजूने की मध्यावरून, हे नमूद करतात. त्याच हद्दी बीआयएममध्ये कशा बसवायच्या, यावर मेलबर्न विद्यापीठात संशोधन झालंय. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट रेल्वे स्टेशनच्या मालकी हक्कांची २०१६ मध्ये त्रिमितीत नोंद झाली, तीही दस्ताला जोडूनच. आपल्याकडे रेरा या गृहबांधणी कायद्यातलं चटई क्षेत्र बाहेरच्या भिंती वगळतं, आतल्या धरतं. पण ते झालं क्षेत्रफळ, त्यावरून हद्द कळत नाही. हे ठरवणं ड्राफ्ट्समनचं काम नाही, एवढं बाबांनाही सांग.

तूर्त सॉफ्टवेअरच्या क्लासला पैसे घालू नकोस. घराचा करारनामा आणि इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) काढ, सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड मिळव. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालं नसेल तर कार्डावर अजून मूळ जमीनमालकच सापडेल. हे कागद समोर ठेवून एकाच मजल्याचं मॉडेल कर. डक्ट, बंद केलेली बाल्कनी, टेरेस, पार्किंग : जिथे कागद आणि जागा जुळणार नाहीत, तिथे तुझा फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे.

बाबा, कागद तुमच्याच कपाटात असतील, काढून द्या. प्रोजेक्टनंतरही तिला हेच हवं असेल, तर एमएसच्या खर्चाचं बोलू. तेव्हाचं पत्र मात्र तिने लिहावं.