वाघ एकटा का राहतो आणि रानकुत्री कळपाने का?

वाघांनी सिंहांसारखा कळप केला असता तर शिकार सोपी झाली नसती का, आणि ताडोबात चार-पाच वाघ एकत्र दिसतात ते फोटो मग कसले, असं तुम्ही विचारलंय. मी चंद्रपूर जिल्ह्यातला, ताडोबाचं जंगल लहानपणापासून बघत आलोय. माझ्या मते आधी दोन गोष्टी बघाव्यात: जंगल किती दाट आहे आणि मारलेलं जनावर किती जणांना पुरतं.

वाघ दबा धरून शिकार करतो. बांबूच्या बेटाआडून, पाऊल न वाजवता जमेल तितकं जवळ जायचं आणि मग एकच झेप. चितळाने आधीच पाहिलं, वानराने धोक्याचा कॉल दिला, की खेळ संपला. वाघ लांबवर पाठलाग करत बसत नाही. अशा शिकारीत सोबतीला आणखी चार वाघ असले तर लपणंच अवघड. शिवाय मोठा सांबर एकटा वाघ पाडू शकतो आणि तीन-चार दिवस पुरवून खातो. वाटेकरी वाढले तर रोज नवी शिकार हवी.

रानकुत्र्याचं, म्हणजे कोळसुन्याचं, गणित उलटं आहे. वजन जेमतेम १५ किलोच्या आसपास. एकट्याने ससा धरेल, पण मोठं चितळ पाडायला कळपच लागतो. ते लपत नाहीत, पळवून दमवतात. दाट झाडीत एकमेकांपासून दुरावले की शीळ घालून एकत्र येतात. कुत्रा असून शीळ घालतो हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. जनावर पडलं की भराभर लचके तोडून खातात, कारण वाघ-बिबट्या शिकार हिसकावून घेऊ शकतात. लोक त्यांना क्रूर म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. पोटभर खाल्लेली हीच कुत्री बिळाशी परत जाऊन पिल्लांसाठी मांस ओकतात, आणि ती पिल्लं त्यांची स्वतःची असतातच असं नाही.

सिंहांचंही सगळीकडे सारखं नसतं. आफ्रिकेच्या उघड्या गवताळ रानात मोठे कळप दिसतात. गीरमध्ये माद्यांचे गट लहान असतात आणि नर बहुतेक वेळ वेगळे राहतात. मीलनाच्या वेळी किंवा मोठ्या शिकारीवर एकत्र येतात. बिबट्या एकटा, कोल्हा बहुधा जोडीने, आणि आपल्या माळरानावरचा लांडगा नर-मादी आणि त्यांची पिल्लं अशा छोट्या कुटुंबात.

राहिला ताडोबातल्या चार-पाच वाघांच्या एकत्र फोटोंचा प्रश्न. फोटो खरे असतात, पण तो बहुतेक वेळा कळप नसतो. आई आणि तिचे मोठे झालेले बछडे असतात. दीड-दोन वर्षांचे बछडे आईएवढेच दिसतात. त्यानंतर ते पांगतात आणि आपापला इलाखा शोधायला निघतात.