किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या पॉवरबोट रेस नेमक्या कधी सुरू झाल्या?

आजच्या धर्तीची आणि किनाऱ्यालगतचीच धरायची तर १९६१, इंग्लंडची काउझ ते टॉर्की रेस. ब्रिटिश वृत्तपत्र व्यवसायातले मॅक्स एटकिन यांनी ती सुरू केली, पण मूळ आयडिया अमेरिकेतली, तिकडे १९५६ पासून मायामी ते नासाऊ रेस चालूच होती, फक्त ती किनाऱ्याने नाही तर उघड्या समुद्रातून बहामाजला जायची. खरा टर्निंग पॉइंट मात्र १९६० ची मायामी-नासाऊ. तेव्हा समुद्र जाम खवळलेला होता, आणि डिक बर्ट्रम यांची 'मॉपी' ही ३० फुटी बोट साधारण ८ तासांत पोचली, बरेच जण तर दुसऱ्या दिवशी उगवले! कारण होता रे हंट यांनी डिझाइन केलेला डीप-व्ही तळ, म्हणजे बोटीचा तळ पुढून मागेपर्यंत खोल व्ही आकाराचा, त्यामुळे ती लाटेवर आपटत नाही, लाट कापत जाते. आजच्या कितीतरी स्पीडबोटींचा तळ त्याच धर्तीचा असतो.

लांब पल्ला म्हणजे किती, तर १९६९ ला अख्ख्या ब्रिटनला टप्प्याटप्प्याने फेरी मारायची रेस झाली, ती जिंकली फिनलंडच्या टिमो माकिनेनने, जो मुळात कार रॅलीवाला!

एक मात्र आहे, नुसती मोटरबोट रेस म्हणाल तर ती बरीच जुनी, हार्म्सवर्थ ट्रॉफी १९०३ मध्येच आयर्लंडला झाली होती, पण तिचा कोर्स छोटा होता. २०१७ ला मुंबईत मरीन ड्राइव्हला झालेली पी-वन ही पॉवरबोट रेस पण या प्रकारात धरू नका, ती सर्किटवरची होती.