अंगणातला मोठा कामाडो: तुमचे प्रश्न

गेल्या अंकात बकऱ्याची अख्खी रान (मागची तंगडी) कामाडोवर कशी भाजायची ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत रानेपेक्षा कामाडोबद्दलच जास्त विचारणा आहे, म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जाड सिरॅमिकची, अंड्याच्या आकाराची, जड झाकणाची कोळशाची शेगडी. हवेला खाली एक झडप, झाकणाच्या टोकाला दुसरी. मूळ घडण जपानी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी ती इकडे आणली आणि १९७४ मध्ये एड फिशर यांनी आमच्या अटलांटात ‘बिग ग्रीन एग’ सुरू केली. तेव्हापासून जॉर्जिया हे या शेगडीचं दुसरं माहेर झालं आहे.

प्रश्न: ताई, आम्ही नुकतंच फ्रिस्कोत मोठ्या बॅकयार्डचं घर घेतलं. मंडळाची माणसं सारखी येत-जात असतात, कधी दहा, कधी चाळीस. मिस्टर म्हणतात, घ्यायचाच तर सगळ्यात मोठा, २९ इंची घेऊ. मला १८ इंची पुरेल असं वाटतं. कोणाचं ऐकावं? (टेक्सस)

चाळीस माणसं वर्षातून किती वेळा येतात, ते आधी मोजा. महिन्यातून एकदा तरी येत असतील आणि त्या दिवशी पंगतीचा मुख्य पदार्थ कोळशावरचाच असेल, तर मिस्टरांचं बरोबर आहे. गणपती आणि दिवाळी एवढ्यापुरतंच असेल, तर तुमचं.

१८ इंची म्हणतात त्याच्या जाळीचा व्यास खरा सव्वाअठरा इंच असतो आणि ती साधारण २६० चौरस इंच भरते. २४ इंचीची साडेचारशे, २९ इंचीची साडेसहाशेच्या पुढे. व्यास अकरा इंचांनीच वाढला, पण जागा अडीचपट झाली. दुकानात हेच सांगतात आणि ते खोटं नाही. मात्र वजनही त्याच हिशेबात वाढतं. बिग ग्रीन एगचा १८ इंची सुमारे ७३ किलोचा, २९ इंची त्याच्या दुपटीहून जड, तोही चाकांच्या गाड्याशिवाय. एकदा ठेवला की तो तिथलाच. लाकडी डेकवर ठेवणार असाल तर डेकला एवढा भार पेलतो का ते आधी सुताराकडून बघून घ्या, आणि कुठलाही आकार घेतलात तरी तापलेल्या सिरॅमिकचा बूड थेट लाकडावर टेकू देऊ नका.

याहून महत्त्वाची गोष्ट आगीची. या शेगडीची सगळी करामत तिच्या जाड भिंतीत आहे. भिंत तापली की ती चहूबाजूंनी सारखी धग देते आणि मग कोळसा फार थोडा लागतो. पण आधी ती तापावी लागते. २९ इंचीची भिंत तापायला वेळही बराच जातो आणि कोळसाही, मग आत अख्खं डुक्कर असो की चार तंगड्या. म्हणून मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मोठा कामाडो कोणी पेटवत नाही. तो अंगणात झाकलेला उभा राहतो, आणि इतक्या चांगल्या वस्तूचं असं होताना मला खरंच वाईट वाटतं.

माझं मत विचाराल तर आत्ता एक १८ इंची घ्या आणि हात बसला की तसाच दुसरा. दोन्हींची जाळी मिळून सव्वापाचशे चौरस इंच होते, म्हणजे एका २४ इंचीपेक्षा जास्त. शिवाय दोन वेगळी तापमानं हाताशी राहतात. एकात २५० अंश फॅरनहाइटवर रान निवांत शिजते, दुसऱ्यात ५५० अंशांवर दगडावर नान. एकाच मोठ्या कामाडोत हे दोन्ही एका वेळी जमत नाही. अपवाद एकच: तुम्हाला टेक्ससचं अख्खं ब्रिस्केट (बीफचा छातीकडचा मोठा तुकडा) करायचं असेल तर १८ इंचीत ते घडी पाडून किंवा ठोकळ्यावर कमान करून बसवावं लागतं. तो नाद असेल तर सरळ २४ इंची घ्या.

प्रश्न: माझा पारा नेहमी चढतो. २५० अंशांवर ठेवायचं म्हणतो आणि बघता बघता ४०० होतात. मग झडपा बंद केल्या तरी तासभर उतरत नाहीत. चिकन बाहेरून काळं, आत कच्चं. (एडिसन, न्यू जर्सी)

तुम्ही कोळसा एका वेळी सगळीकडून पेटवत असणार. मंद आचेसाठी भांडंभर कोळसा भरावा, पण पेटवावा एकाच जागी, मधोमध, एका फायरस्टार्टरने. तिथून निखारा हळूहळू पसरत जातो. झाकण दहा-पंधरा मिनिटं उघडं, मग खाली.

आता झडपा. हवं ते तापमान यायला पन्नास अंश कमी असतानाच दोन्ही आवळायला लागा. म्हणजे काटा २०० वर आला की खालची झडप बोटभर आणि वरची जेमतेम फट दिसेल इतकी. काटा मग स्वतःच चढत चढत २५० ला येऊन थांबतो. तो ४०० ला पोचल्यावर झडप बंद करून उपयोग नाही, कारण तोवर कोळसा नाही, भिंत तापलेली असते, आणि भिंत थंड व्हायला तिचा वेळ घेतेच. चढवणं सोपं, उतरवणं कठीण, हे या शेगडीचं वागणं आहे. झडप हलवल्यावर दहा-पंधरा मिनिटं काहीही करू नका. परिणाम उशिरा दिसतो, आणि तोवर आपण आणखी दोनदा हलवलेली असते.

सुरुवातीचा पांढरा दाट धूर जाऊ द्या. तो मांसाला कडवटपणा देतो. धूर विरळ, निळसर झाला आणि हाताने ओढून वास घेतल्यावर डोळे चुरचुरले नाहीत की मग जाळी ठेवा. आच आणि मांस यांच्यामध्ये सिरॅमिकची आडतबकडी, म्हणजे डिफ्लेक्टर, असायलाच हवा. तुमचं चिकन बाहेरून काळं होतं ते बहुधा तिच्याविना. कोंबडी शिजली की नाही ते रंगावरून ठरवू नका. मांडीच्या जाड भागात, हाडाला न लागता, थर्मामीटर १६५ अंश दाखवायला हवं.

आणि एक ताकीद, तुम्ही विचारली नाहीत तरी. झडपा बराच वेळ बंद ठेवून मग झाकण एकदम उघडलंत तर हवेसाठी आसुसलेला निखारा भपकन तोंडावर येतो. भुवया आणि हात भाजतात. आधी दोन इंच उचला, काही सेकंद तसंच धरा, मग सावकाश उघडा. लहान मुलं आजूबाजूला असतील तर हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

प्रश्न: मुलाने नाशिकच्या फार्महाउसवर कामाडो बसवला आहे. कोळसा कुठला वापरावा? आमच्याकडे लोहाराकडचा मिळतो. (नाशिक)

तो दगडी कोळसा असेल तर मुळीच नको. त्यात गंधक असतं, धूर अन्नाला लागतो. लाकडी कोळसाच घ्या, आणि शक्य तितका मोठ्या तुकड्यांचा. तंदूरवाल्या हॉटेलांना जे पुरवतात त्यांच्याकडे विचारा. पोत्याच्या तळाचा चुरा वेगळा काढा, नाहीतर तो खालच्या जाळीची भोकं बुजवतो आणि आग गुदमरते. दाबून केलेल्या ब्रिकेट्सची राख फार होते, म्हणून त्याही नकोत. रॉकेल किंवा पेटवायचं कुठलंही द्रव ओतू नका, सिरॅमिक वास धरून ठेवतं. स्वयंपाक झाला की दोन्ही झडपा पूर्ण मिटा. निखारा हवेविना आपोआप विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी चालतो. विझवायला पाणी मारलंत तर तापलेलं सिरॅमिक तडकू शकतं.

प्रश्न: हिवाळाभर झाकून ठेवला, मार्चमध्ये उघडला तर आत बुरशी! फेकून द्यावा का? (शिकागो)

अजिबात नको. कामाडोत ओल आणि चरबी राहते, झडपा बंद असतात, मग बुरशी येणारच. जाळी बाहेर काढा, जुना कोळसा टाकून द्या, नवा भरा आणि हळूहळू चढवत ५०० अंशांपुढे नेऊन तासभर तसंच राहू द्या. सगळं जळून राख होतं. थंड झाल्यावर कोरड्या ब्रशने झाडा. साबण आत लावू नका. यापुढे ठेवताना झडपा किंचित उघड्या ठेवा. कडाक्याच्या थंडीत पेटवायचा असेल तर घाई न करता तापवा. झाकणाच्या काठावरची नमद्याची (फेल्टची) पट्टी जळून झडली असेल तर बदला, तिचा सेट मिळतो. आणि थंडी आहे म्हणून गॅरेजमध्ये पेटवू नका, शटर उघडं असलं तरी. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न: सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत. त्यांच्यासाठी त्याच कामाडोवर वांगी, पनीर भाजलं तर चालेल का? जाळी जाळून घेतली की स्वच्छ होते ना? (शार्लट)

स्वच्छ होते, पण त्यांच्या मनाला ते पटेल का, हे त्यांनाच विचारा. वेगळी जाळी आणि वेगळी आडतबकडी ठेवता येते, मात्र झाकणाच्या आतली भिंत तीच राहते आणि तिच्यावर चरबीच्या धुराचा थर असतो. ही गोष्ट त्यांच्यापासून लपवून खाऊ घालू नका. मी तरी त्यांच्यासाठी एक लहान कामाडो वेगळा ठेवीन. भरताची वांगी त्यात उत्तम होतात: आडतबकडी न लावता वांगी थेट निखाऱ्यावरच्या जाळीवर ठेवायची आणि साल कोळशासारखी होईपर्यंत फिरवत राहायची.

प्रश्न: ताई, तुम्हीही अलिबागच्या, म्हणून विचारते. मोठ्या कामाडोत पोपटी (मडक्यात भाजायच्या वालाच्या शेंगा) होईल का? (राले, नॉर्थ कॅरोलायना)

होईल, आणि हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. फक्त तिचा एक गुण येणार नाही, तो आधीच सांगते. आपल्याकडे मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, गवत, काटक्या रचून पेटवतात. आग बाहेरून येते आणि भडकते. अर्ध्या-पाऊण तासात मडकं काळंठिक्कर पडतं आणि आतला भांबुर्ड्याचा (वासाच्या रानटी झुडपाचा) पाला आपल्याच ओलीवर शेंगा शिजवतो. कामाडोत ती भडक आग नसते. पेंढ्याचा वासही येत नाही. पेंढा निखाऱ्यावर टाकून तो आणायचा प्रयत्न करू नका, नुसती राख उडते.

मडकं आत उभं मावायला २४ इंची हवा, १८ इंचीत अगदी लहान गाडगंच बसतं. मडकं रंग किंवा लुकण (ग्लेझ) न लावलेलं घ्या, तासभर पाण्यात भिजवा आणि थंड कामाडोतच ठेवून त्याच्याबरोबर तापू द्या. तापलेल्या कामाडोत ओलं मडकं ठेवलंत तर तडकेल. भांबुर्डा इथे मिळत नाही. मी तळाला, कडेने आणि वर केळीची पानं लावते आणि ओवा नेहमीपेक्षा सढळ हाताने घालते. वालाच्या शेंगा इंडियन स्टोअरमध्ये थंडीच्या दिवसांत कधीकधी ताज्या येतात. फ्रोझन दाणे नकोत, शेंगाच हव्यात, कारण सालीतच शिजायची मजा आहे. बटाटे, रताळी, अंडी, हळद-मीठ-आलं-लसूण लावलेलं चिकन पानात गुंडाळून मधोमध, जाडं मीठ प्रत्येक थरावर. तोंड पानांनी घट्ट बुजवा, कणकेने लिंपू नका, वाफेला वाट हवी. आडतबकडी लावून ३७५ अंशांपर्यंत न्या आणि तिथे पोचल्यावर तासभर झाकण उघडू नका. मग पानांतून थर्मामीटर खुपसून चिकनचा आकडा बघा. १६५ दिसले की मडकं जाड हातमोज्यांनी बाहेर काढून वर्तमानपत्रावर उपडं करा. शेंग कोरडी वाटली तर पुढच्या वेळी पानं दुप्पट घाला.