गिरमिट म्हणावं, सामता म्हणावा, की आपलं रोटरीच बरं?

विचारणा अशी आहे, की मऊ जमिनीत खोल भोकं घेणाऱ्या रोटरी ड्रिलचं डिझाइन यावर मराठीत टिपण लिहायचंय, तर ड्रिलला सामता म्हणू, गिरमिट म्हणू की छिद्रक? सोबत नमुन्याचं वाक्यही दिलंय: "चक्री छिद्रकाद्वारे मृदू भूस्तरात सखोल छिद्रण करताना वेधनपंकाचे अभिसरण अखंडित राखणे अनिवार्य असते." आणि जाता जाता हेही विचारलंय की बोअर 'मारतात' का, खणत का नाहीत.

वाक्य चूक नाहीये हो, पण रिगवरच्या, म्हणजे बोअरच्या यंत्रावरच्या माणसाला ते वाचून दाखवलं तर तो अर्ध्यातच चहाला निघून जाईल.

आधी सामता घ्या. सुताराचं जुनं हत्यार, मधल्या दांड्याला दोरीचा वेढा आणि ती दोरी कमानीला बांधलेली, कमान पुढेमागे ओढली की दांडा एकदा इकडे फिरतो एकदा तिकडे. म्हणजे टोक दोन्ही बाजूंनी नुसतं खरवडतं आणि भुसा भोकातच राहतो, मग सुतार मधूनमधून फुंकर मारतो. गिरमिटाचं तसं नाही, त्याला पीळ असतो, ते एकाच दिशेला फिरवायचं, आणि फिरता फिरता भुसा त्या पिळावरून आपोआप वर येतो. हातात घेऊन बघितलं तर फरक लगेच कळतो, सामता काढला की भोक भरलेलं, गिरमिट काढलं की पिळाला भुश्याच्या सुरळ्या अडकलेल्या.

आता तुम्ही म्हणाल एवढं सुतारकाम कशाला. तर मऊ जमिनीत सगळं डिझाइन ह्याच्यावरच अडतं. माती कापायला काही लागत नाही, माती काय कोणीही कापेल, प्रश्न दोनच असतात, कापलेला चुरा बाहेर कसा काढायचा आणि तोवर भोकाची भिंत ढासळू कशी द्यायची नाही. म्हणून हत्यारांची नावं चुरा कुठून बाहेर जातो यावरून पाडली तर गोंधळ निम्मा कमी होतो असं माझं मत आहे. पीळवाला जो ऑगर असतो, ज्याने माती स्वतःच्या अंगावर घेऊन वर यायची, त्याला बिनधास्त गिरमिट म्हणा, शंभर टक्के बसतं. फक्त 'अस्सल मराठी शब्द' असं लिहू नका, हा इंग्रजीतला गिम्लेटच आहे, आपल्या सुतारांच्या तोंडी पडून गोल झालेला. फिजीला १८७९ पासून जे मजूर करारावर नेले त्यांच्या 'गिरमिटिया'तलं गिरमिट वेगळं, ते अ‍ॅग्रीमेंटचं. आणि हुबळी-धारवाडला चुरमुऱ्याचं गिरमिट मिळतं ते आणखी वेगळं, ते खायचं.

पण खोल जायचं म्हटलं की गिरमिट थकतं. चाळीस-पन्नास मीटरवरून दर वेळी सगळी दांडी वर काढा, माती झटका, परत खाली सोडा, ह्यातच दिवस जातो, आणि पाण्याखालची वाळू आली तर ती पिळावर थांबतच नाही. तिथे खरी रोटरी येते, पोकळ पाइप फिरतो, त्याच्यातून पंपाने चिखल खाली सोडायचा, तो बिटाच्या, म्हणजे पाइपच्या टोकाला माती कापणाऱ्या पात्याच्या, तोंडातून बाहेर पडून चुरा घेऊन पाइपच्या बाहेरच्या फटीतून वर. ह्याला गिरमिट म्हणणं चूक, कारण चुरा पीळ नाही, चिखल आणतो. ह्याला रोटरीच म्हणा. छिद्रक नको, छिद्रक म्हटलं की मला ऑफिसातलं कागदाला दोन भोकं पाडायचं पंच मशीन दिसतं.

आता वेधनपंक. पंक म्हणजे चिखल हे खरंय, पण ह्या चिखलाला मराठीत जवळचं नातं आधीच आहे आणि ते कोकणात आहे. भाताच्या लावणीआधी खाचरात चिखलणी करतात ना, पाणी साठवायचं आणि बैल, आता पॉवर टिलर, फिरवून फिरवून माती अशी कालवायची की तिची बारीक भुकटी खालच्या बारीक भोकांत बसते आणि पाणी जिरायचं कमी होतं. ड्रिलिंगचा चिखल बरोब्बर हेच काम भोकाच्या भिंतीवर करतो! चिखलातलं पाणी जरासं मातीत शिरतं, बारीक कण भिंतीवर मागे राहतात आणि पातळ थर धरतो, मग आतला चिखल त्या थराला आतून दाबून धरतो आणि भिंत उभी राहते. त्या थराला 'गाळणवडी' असा शब्द मी एकदा एका भाषांतरात बघितला, हसूच आलं, सरळ लिंपण म्हणा की, शेणामातीने कुडाची भिंत लिंपतात तसं.

आणि हे नातं मी ओढूनताणून जोडत नाहीये. टेक्सासमध्ये ब्यूमॉन्टजवळ स्पिंडलटॉप नावाची टेकडी आहे, तिथे तेलासाठी आधीच्यांनी आपटून भोक पाडणारी हत्यारं वापरून बघितली आणि पळवाळूत, म्हणजे पाण्याने भरलेल्या सरकत्या वाळूत, हात टेकले. मग तिथे तेल शोधणाऱ्या कॅप्टन लुकास यांनी बोअर घेणाऱ्या हॅमिल बंधूंना रोटरी घेऊन बोलावलं. नुसतं पाणी सोडून वाळू आवरेना, तेव्हा त्यांनी खड्ड्यात पाणी भरून त्यात गुरं फिरवली आणि तो चिखल भोकात सोडला अशी हकिकत सांगतात. चिखलणीच ती, दुसरं काय! १० जानेवारी १९०१ ला तिथून तेलाचा जो फवारा उडाला तो आवरायला नऊ दिवस लागले. त्यांच्या बिटाचं नाव फिशटेल, माशाच्या शेपटासारखं दोन पात्यांचं. मऊ जमिनीला असंच हवं असतं, पाती मोजकी आणि लांब, मध्ये चिखल जायला ऐसपैस वाट. पाती दाट ठेवली की चिकणमाती चिकटून बिटाचा नुसता गोळा होतो, ओल्या काळ्या रानात वखराच्या पाशीला चिकटते तशी, फक्त शेतकरी वाफसा यायची वाट बघू शकतो, बोअरमध्ये कसला वाफसा.

हल्ली गुरांऐवजी बेंटोनाइट असतं, कच्छ आणि राजस्थानातून येणारी पिवळट-करडी माती. मी पायलिंगच्या, म्हणजे बांधकामाच्या पायासाठी जमिनीत खोल खांब घालायच्या साइटवर होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या फोरमनने बादलीत ती कालवून माझ्यासमोर ठेवली, ढवळली तेव्हा ताकासारखी पातळ, दहा मिनिटं तशीच सोडली तर वर काडी टाकली ती बुडेना. परत ढवळली, परत ताक. पंप बंद पडला तर भोकातला चुरा तळाला न बसता जागच्या जागी लटकून राहतो तो ह्याच गुणामुळे. ह्याला पाठ्यपुस्तकी शब्द असेल तो असो, तो फोरमन म्हणायचा 'हिला दह्यासारखं विरजण लागतं', आणि मला अजून त्याहून चांगलं सुचलेलं नाही.

एक सापळा सांगून ठेवतो कारण तुम्ही त्यात पडणार. रिव्हर्स सर्क्युलेशनला 'उलटं फिरणारं ड्रिल' लिहू नका. पाइप नेहमीच्याच दिशेला फिरतो, उलटी होते ती चिखलाची वाट, बाहेरच्या फटीतून खाली आणि पाइपच्या पोटातून वर. कशासाठी, तर भोक मोठं असलं की बाहेरची फट फार रुंद होते आणि चिखल इतका सावकाश वर येतो की चुरा परत खाली बसतो. ६०० मिलिमीटरचं भोक आणि आतून १५० मिलिमीटरचा पाइप धरा, तर तेवढाच चिखल पाइपमधून साधारण पंधरापट वेगाने वर येतो. म्हणून 'उलटा प्रवाह' म्हणा, उलटं फिरणं नको.

राहिलं 'मारणे'. आपल्याकडे राज्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा, तिथे बोअरची गाडी हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने खडक ठोकत जाते, म्हणून 'बोअर मारणे', असं स्पष्टीकरण मी बरीच वर्षं लोकांना ऐकवायचो आणि लोक माना डोलवायचे. मग एकदा लक्षात आलं की आपण झाडू पण मारतो, रंग पण मारतो, फेरी पण मारतो, गप्पा पण. हातोडा तिथे आहे हे खरं, पण शब्द त्याच्यामुळे आला हे काही सिद्ध होत नाही. शिवाय शेतकरी 'बोअर घेतला' असंही तेवढंच म्हणतो, आणि मग तो लागतो, नाहीतर फेल जातो. सरकारी कागदावर विंधण विहीर असते, शब्द छान आहे, विंधणे म्हणजे आरपार टोचणे, मोतीसुद्धा विंधतात, पण बोलताना मी तो कुणाच्या तोंडून ऐकला नाही. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत, रावेर-यावलकडे, जिथे ठोकायला खडकच नाही, तिथे ट्यूबवेल हा शब्द रुजलाय. तिकडच्या एकाला रिगच्या चौकोनी दांड्याचं नाव 'केली' असं टाइप करून पाठवलं तर फोनने त्याची केळी केली आणि त्याने भाव विचारला!

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: "मऊ जमिनीत रोटरीने खोल बोअर घेताना चिखल सतत खेळता ठेवावा लागतो." अभिसरणाला खेळता, कारण आपण खेळती हवा म्हणतो, खेळतं भांडवल म्हणतो, पाणीसुद्धा खेळवतो. आणि 'अनिवार्य' काढलाय, 'लागतो'मध्ये तो आलाच.