भाड्याचं घर एलएलसीच्या नावावर करावं का?

प्रश्न: नमस्कार. आम्ही एडिसनला राहतो. नवीन घरात शिफ्ट झालोय, जुनं टाउनहाउस न विकता भाड्याने द्यायचं ठरवलंय. त्याचं लोन 2021 मध्ये रिफायनान्स केलेलं, रेट 3 टक्क्यांच्या आत, डीड (घराच्या मालकीचा कागद) आम्हा दोघांच्या नावावर. मंडळातले सगळे म्हणतात आधी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढून घर तिच्या नावावर करा, भाडेकरू पडला-बिडला तर केस होते आणि राहतं घरही जातं, शिवाय टॅक्स वाचतो. एकजण तर डेलावेअरला काढा म्हणाला. मला काळजीने झोप लागत नाही. काय करू?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: ताई, माझं मत विचाराल तर एका घरासाठी, त्यातून एवढं स्वस्त लोन चालू असताना, आत्ता एलएलसी नको. पण इन्शुरन्सचं काम याच आठवड्यात करा. तुम्ही स्वतः राहत होता तेव्हाची होमओनर्स पॉलिसी भाडेकरू आल्यावर चालत नाही, लँडलॉर्ड पॉलिसी लागते, नाहीतर उद्या खरंच कोणी जिन्यावरून पडलं तर कंपनी क्लेम नाकारू शकते. न्यू जर्सीत तर 2022 च्या कायद्याने तुमच्यासारख्या मालकांना किमान 5 लाख डॉलरचा लायबिलिटी इन्शुरन्स ठेवावाच लागतो आणि त्याचं सर्टिफिकेट दरवर्षी टाउनशिपकडे द्यायचं असतं. त्याच्यावर 10 लाख डॉलरची अंब्रेला पॉलिसी, म्हणजे मूळ पॉलिसीची मर्यादा संपल्यावर कामी येणारा जादा विमा, घ्या, राहत्या घराची काळजी तिथेच बरीचशी मिटते. अशी केस झाली की वकीलसुद्धा इन्शुरन्स कंपनी देते, एलएलसी नाही देत. उलट न्यू जर्सीच्या लँडलॉर्ड-टेनंट कोर्टात घर तुमच्या नावावर असेल तर तुम्ही स्वतः उभं राहू शकता, एलएलसीच्या नावावर असेल तर भाडं थकलं म्हणून जायलाही वकील करावाच लागतो. हे मंडळात कोणी सांगत नाही.

टॅक्स वाचतो हे तर डोक्यातून काढूनच टाका. एकाच मालकाची एलएलसी फेडरल टॅक्ससाठी वेगळी धरतच नाहीत, भाडं तुमच्याच रिटर्नमध्ये शेड्यूल ई (भाड्याच्या उत्पन्नाचा फॉर्म) वर जातं, डेप्रिसिएशन (घराच्या झिजेची दरवर्षीची वजावट) तेच साडेसत्तावीस वर्षांचं. आणि तुम्ही दोघं मेंबर झालात तर ती पार्टनरशिप होते, मग पार्टनरशिपचं रिटर्न म्हणजे फॉर्म 1065, दोघांच्या वाट्याचे के-1 फॉर्म, 15 मार्चची वेगळी डेडलाइन, सीपीएची फी वाढली ती वेगळीच. टेक्सास, कॅलिफोर्नियात कम्युनिटी प्रॉपर्टीचा (लग्नानंतरची मालमत्ता दोघांची समाईक धरणारा) कायदा असल्यामुळे नवरा-बायकोला यातून सुटता येतं, आपल्याकडे तो कायदा नाही.

खरी भीती मला तुमच्या लोनची वाटते. मॉर्गेजच्या कागदात ड्यू-ऑन-सेल कलम असतं, म्हणजे मालकी बदलली तर बँक सगळं कर्ज एकदम मागू शकते. 1982 च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्यात स्वतःच्या ट्रस्टसारख्या काही गोष्टींना सूट आहे, एलएलसीला नाही. हां, लोन फॅनी मेकडे (बँकांकडून घरकर्जं विकत घेणारी संस्था) असेल आणि त्यांनी ते 1 जून 2016 नंतर घेतलं असेल तर तुमच्याच कंट्रोलमधल्या एलएलसीला ट्रान्सफर त्यांच्या नियमात बसू शकतं, त्यांच्या वेबसाइटवर पत्ता टाकून लोन त्यांचं आहे का ते बघता येतं. तरी सर्व्हिसरकडून (तुमचा हप्ता घेणारी कंपनी) लेखी घेतल्याशिवाय डीडला हात लावू नका. 3 टक्क्यांचं लोन परत मिळणार नाहीये.

डेलावेअरचं म्हणाल तर घर न्यू जर्सीत, भाडं न्यू जर्सीत, म्हणजे ती एलएलसी इथे फॉरेन, म्हणजे दुसऱ्या राज्यातली, म्हणून रजिस्टर करावीच लागणार. डेलावेअरचे वर्षाला 300 डॉलर आणि इथले ॲन्युअल रिपोर्टचे 75, दोन्ही भरा.

एलएलसीचा उपयोगच नाही असं मात्र नाही. लोन फिटलं, किंवा दोन-चार घरं झाली आणि एकावरच्या केसची झळ दुसऱ्याला लागू नये असं वाटलं, किंवा मित्रासोबत भागीदारीत घर घेताय, तर जरूर काढा, भागीदारीत तर ऑपरेटिंग ॲग्रीमेंट (भागीदारांमधला लेखी करार) हवंच. फक्त ती नुसती कागदावर ठेवून भागत नाही, बँक अकाउंट वेगळं, लीज एलएलसीच्या नावाने, भाड्याच्या पैशातून घरचा किराणा भरायचा नाही, नाहीतर कोर्ट एलएलसी बाजूला सारून थेट तुमच्यापर्यंत येऊ शकतं. आणि तुटलेला कठडा तुम्हीच स्वतः चुकीचा बसवला असेल तर एलएलसी असूनही तुम्ही जबाबदारच. त्या वेळी डीड बदलण्याआधी टायटल कंपनीला विचारा की जुनी टायटल पॉलिसी (मालकी हक्काचा विमा) चालू राहील का, आणि इन्शुरन्सवर एलएलसीचं नाव त्याच दिवशी चढवून घ्या.